वाळूचा कण न् कण
चौदा महिने मनीषा सिल्वासाच्या क्वार्टरमधून बाजारालाही निघाली नव्हती, म्हणून ऑफिसची प्रवास-सवलत, एलटीसी, घेऊन मी तिला अंदमानला आणलं. आज सकाळपासून तीन वेळा ती काचेचा मास्क चढवून, तोंडात नळी धरून समुद्रात उतरली. पालथी तरंगत तळाकडे बघत राहायची. मी रिसॉर्टच्या खुर्चीत शहाळं पीत मनात म्हणालो, चला, बायको माणसात आली. गेल्या वर्षी आमचा मुलगा तुषार सिल्वासाजवळच्या दुधनीला मित्रांबरोबर धरणात पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. पावसाळ्याचं पाणी इतकं गढूळ, की पाणबुड्यांना स्वतःचा हात दिसेना. अकराव्या दिवशी शोध थांबला. भटजींच्या सांगण्यावरून मी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. मनीषा त्या दिवशी खोलीबाहेर आली नाही. आता मात्र ती पाण्यातून धावतच आली. मास्क कपाळावर, डोळे चमकत होते. "अहो, तळाच्या वाळूचा कण न् कण दिसतो इथे!" कितीतरी दिवसांनी मी हसलो. पण ती मला ओलांडून थेट तिला पाण्यात नेणाऱ्या गाईडपाशी गेली. "भैया, आप हमारे सिल्वासा आओगे? एक बार नीचे ठीक से देखना है।" त्याला वाटलं, तिकडेही समुद्र असेल. "पानी कैसा है उधर?" त्याने हौसेने विचारलं. मनीषाने वळून माझा दंड घट्ट धरला. "सांगा ना हो त्याला, स्वच्छ आहे म्हणून."