सरांची जीभ

“पुठ्ठा,” कोच म्हणाला आणि बशी एका बोटानं दूर सारली.

मसुराचं पीठ, दही आणि अंडी घालून बायकोनं तो पाव भाजला होता. शाळेत गणित शिकवून आल्यावर, पाय दुखत असताना. चांगला फुगलाही होता.

“आणि कालचे मफिन?” तिनं विचारलं.

“रबर.”

“चीजकेक?”

“त्याला केक म्हणू नकोस. गवंड्याला दिला असतास तर त्यानं वीट म्हणून भिंतीत बसवला असता.”

टॉवेल खांद्यावर टाकून तो जिना उतरला. वर घर, खाली त्याची व्यायामशाळा. त्याचा आवाज लगेच वर ऐकू आला. कुणाच्या तरी पोटाबद्दल काहीतरी लागट बोलत होता.

गेल्या थंडीपर्यंत हे स्वयंपाकघर त्याचं होतं. ताकद कमवायला तोंड वाकडं करून खावं लागत नाही, हे तो लोकांना स्वतः भाजून पटवायचा. रविवारी व्यायाम झाला की सगळे वर यायचे. तो ओव्हनमधून काहीतरी नवं काढायचा. बदामाच्या पिठाचा केक, अंड्यांच्या पांढऱ्याची बिस्किटं. व्यायामशाळेचं अर्धं नाव त्याच्या वजनांमुळे होतं, अर्धं त्याच्या हाताच्या चवीमुळे.

मग तो तापानं पडला. बरेच दिवस पडून होता. उठला तो असा कडू होऊन. ओव्हनला पुन्हा हात लावला नाही. “तू कर,” म्हणाला. “असल्या बायकी कामांना मला वेळ नाही.” नावं ठेवायला मात्र त्याच्याकडे वेळच वेळ होता.

बहुतेक वेळा ती वरवर ऐकून घ्यायची. मनातल्या मनात ती त्याला रोज सोलून काढायची. दंड तेवढे फुगलेत, मन आक्रसत चाललंय. आरशासमोर उभं राहायला हवं आणि टाळ्या वाजवायला चार माणसं हवीत, बस्स. असल्या माणसाबरोबर आपण संसार केला, याची तिला लाज वाटायला लागली होती. परवा तर दूध करपून घरभर वास सुटला आणि हा गॅसशेजारी बसून पेपर वाचत होता. ती अंघोळ अर्धवट टाकून धावत आली. “गॅस बंद करायलाही कमीपणा वाटतो का?” तिनं विचारलं. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, “दुधावर लक्ष ठेवायचं काम माझं नाही.”

शनिवारी ती वाळत घातलेले टॉवेल काढायला खाली गेली. आत तो लंबूला सांगत होता. लंबू म्हणजे जुना शिष्य, वायरमन, ताडासारखा उंच. “उद्या तुझ्या वहिनींचा केक आहे. येताना हातोडा आण. आणि दात जपून.” सगळी व्यायामशाळा खदाखदा हसली. तिनं टॉवेल तिथंच टाकले.

रविवारी तिनं चॉकलेटचा केक केला. प्रोटीन पावडर, बदाम, घट्ट दही. साखरेचा एक कण घातला नाही. साखरेच्या जागी मीठ घातलं, हात न आखडता. पहिला घास नेहमी सरांचा असे. घेऊ दे. सगळ्यांदेखत थुंकू दे. मग ती म्हणणार होती, “पुढच्या रविवारपासून तूच कर.” वाक्य तिनं पाठ करून ठेवलं होतं.

सगळे घाम पुसत वर आले. तिनं केक टेबलावर ठेवला, एक तुकडा कापून त्याच्या बशीत घातला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

त्यानं घास घेतला. चावला. चावता चावता तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“सर, गोडी कशी आहे?” व्यायामाला येणाऱ्या बँकेतल्या बाईंनी विचारलं. “मागच्या वेळी जरा कमी वाटली होती.”

“गोडी?” तो म्हणाला. “विचारूच नका. नुसता पाक ओतलाय. सांगून सांगून थकलो, हिला हात म्हणून आवरत नाही.”

सगळे हसले. त्यानं दुसरा घास घेतला. कपाळावर आठीसुद्धा नाही.

ती हसली नाही. पुठ्ठा, रबर, वीट. इतक्या महिन्यांत त्यानं ठेवलेलं प्रत्येक नाव दातांना कळणारं होतं. जिभेचं एकही नव्हतं. आणि ते करपलेलं दूध. तो अजून तिच्याकडेच बघत होता. ही नजर ती वर्गात रोज बघायची. उत्तर येत नसलेलं पोर शेजारच्याच्या पेपरात असंच डोकावतं. घाबरून.

तापाबरोबर त्याची चव गेली होती, वास गेला होता. आणि त्यानं ते कुणाला, अगदी तिलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

“वहिनी, आम्हालाही द्या की,” लंबूनं सुरीकडे हात नेला.

“थांब.”

तिनं केक पुढ्यात ओढला. मोठा तुकडा तोडून तोंडात घातला. जीभ भाजल्यासारखी झाली, डोळ्यांत पाणी आलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तोही. तिनं सावकाश चावला आणि गिळला.

मग तिनं केकची थाळी उचलून पोटाशी धरली.

“बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली. “इतकं गोड तुम्हाला नाही चालायचं.”