उजव्या हाताचं माप

सुनेने कापड बाजूला केलं आणि स्टिअरिंगचं चाक सासऱ्यांच्या पुढ्यात, कामाच्या टेबलावर ठेवलं. कौतुकाची वाट बघत ती ताटकळली नाही. काम फक्कड झालंय हे तिचं तिला ठाऊक होतं.

सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवं होऊन काढलेला हा मेकॅनिक. हातातलं काम सुटल्यावर त्यांनी ही जुनी, दोनच माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार नुसत्या सांगाड्यापासून उभी केली होती. आता एवढं चाक बसलं की झालं. तीन चकचकीत दांड्या आणि त्यांच्याभोवती लाकडी कडं. कडं जागोजाग तडकलेलं, व्हार्निशचे पोपडे सुटलेले. सून लाकूडकाम करणारी, घरोघरी कपाटं बसवणारी; तिच्याकडे चाक देताना त्यांनी बजावलं होतं, "जसं होतं तसं. अकलेचे तारे तोडायचे नाहीत."

डाव्या हाताने त्यांनी व्हर्नियर उचलला आणि कड्याची जाडी मोजायला घेतली. उजवा हात नेहमीप्रमाणे खिशात. गेल्या हिवाळ्यापासून त्या हाताची बोटं आखडली होती, मूठ वळत नव्हती. घरात त्याबद्दल चकार शब्द निघत नसे. गिअर बदलायला डावा हात गेला की चाक एकट्या उजव्याच्या हवाली, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं. एकदा जेवताना सासऱ्यांनी आपण होऊनच सुनेला सांगून टाकलं, "पहिली फेरी तुझा नवरा मारेल." आणि पानावरून उठले. आपलीच गाडी दुसऱ्याच्या शेजारी बसून बघायची पाळी या माणसावर येऊ नये, एवढंच सुनेला मनापासून वाटत होतं.

"वर ठीक," सासरे म्हणाले. "डावीकडे ठीक."

त्यांचं 'ठीक' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टाळ्या. मग ते उजव्या बाजूला आले, आणि व्हर्नियर बसेना. त्यांनी तो आणखी उघडला, आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"इथे जाड आहे."

"हो."

"लाकूड फुगलं वाटतं."

"माझं लाकूड फुगत नाही."

त्यांनी चाक उलटं केलं. उजव्या बाजूला, मागून, एक लाकडी पट्टी चिकटवलेली होती. रंगाला रंग, रेषेला रेष. सांधा नखाला लागत नव्हता. पट्टीवर बोटं टेकायला चार उथळ खाचा होत्या. सासऱ्यांचा पारा एकदम चढला.

"काय सांगितलं होतं मी? अगं, अस्सल जुनं चाक होतं! जाणकाराने बघितलं तर तोंडात शेण घालील माझ्या!"

"समोरून कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"मला कळलं ना!"

"तुम्हालाच कळायला हवं होतं."

सासरे पट्टीवरून डावा अंगठा फिरवत राहिले. खाचांमधली अंतरं बघताना त्यांच्या डोक्यात काहीतरी लखकन उजाडलं.

"त्या दिवशी तू मला पुट्टीचा गोळा धरायला दिलास. 'बाबा, शिडी हलवते, एवढं धरा जरा.'"

"दुसऱ्या हातात तुमच्या पाना होता."

"चोरून माप घेतलंस माझं?"

"मागितलं असतं तर दिलं असतंत?"

कोंडीत सापडले की सासरे तांत्रिक मुद्द्यावर येत. "आणि वळणावर चाक फिरलं, की ही तुझी पट्टी कुठे जाईल?"

"वळणावर दोन्ही हात असतात चाकाला. गिअर तुम्ही सरळ रस्त्याला लागल्याशिवाय बदलत नाही. इतकी वर्षं घरच्या गाडीत मागे बसून काय नुसती झाडं मोजली मी?" तिने हात पुसून फडकं खांद्यावर टाकलं. "बाबा, इतकी कपाटं बसवली, पण अजून एक भिंत मला सरळ भेटलेली नाही. भिंत पाडायला निघाले तर धंदा बसेल माझा. भिंतीला जसा बाक असेल तशी मी फळी तासते. मग कपाट जागचं हलत नाही."

"म्हणजे मी भिंत?"

"त्यातही वाकडी."

सासऱ्यांनी तिच्याकडे रोखून बघितलं. तीही नजर काढेना. आता हे चाक फेकतात की काय, असं क्षणभर तिच्या मनात आलंच. पण सासऱ्यांनी खिशातला हात सावकाश बाहेर काढला आणि कड्यावर ठेवला. वाकडी बोटं एकेक करून खाचांत उतरली. जी मूठ मिटत नव्हती, तिच्यातली पोकळी लाकडाने भरून काढली होती. त्यांनी चाक ओढून बघितलं. मग लबाडी पकडायचीच म्हणून जोरात हिसका दिला. हात सुटला नाही.

त्यांनी चाक काखेत मारलं आणि गाडीकडे गेले. सून जागची हलली नाही. 'मदत करू का' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं. दारातून तिला नट आवळल्याचा आवाज येत होता. आवळणारा घाईत नव्हता.

जरा वेळाने तिचा नवरा आला. अंघोळ करून, काळा चष्मा लावून, बोटात किल्ली गरागरा फिरवत. गाडीचं उजवं दार त्याने ऐटीत उघडलं. आत वडील बसले होते.

"बाबा, उतरा ना. निघू या."

वडिलांनी उजवा हात चाकावरच ठेवला आणि किल्लीसाठी डावा पुढे केला.

"दार लाव," ते म्हणाले, "आणि पलीकडून बस."