काकूचं लुगडं

बडग्याला फोटोतून कापलेलं तोंड चिकटवून झालं होतं. आता फक्त कपडा नेसवायचा बाकी होता.

तान्ह्या पोळ्याची सकाळ. नंदनवनच्या चौकात छोटा हत्ती टेम्पो उभा होता आणि त्यावर बांबू-तणसाचा हा पोटाळ पुतळा. गळ्यात पाटी होती, ‘नागपूरचा गद्दार’. झिरो माईल एफसी ही शहराची फुटबॉल टीम मालकाने इंदूरला नेली होती. त्या मालकाला आज इडापिडा घालवणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत फिरवून शहराबाहेर जाळायचं ठरलं होतं.

प्रज्वल दोन मित्रांना घेऊन बाबनराव निनाव्यांच्या दारात आला. तिघांच्या अंगात टीमचे नारिंगी टी-शर्ट होते. दुकान गुंडाळताना टीमने ते अर्ध्या किमतीत काढले होते. घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

“काका, काकूचं लुगडं पायजे.”

बाबनराव खुर्चीतून उठले नाहीत. लुगडं समोरच्या पेटीवर होतं. बायको, पुष्पलताबाई, गेल्यापासून ते तिथेच होतं. घरचा माग मोडण्याआधी त्यांनी त्यावर शेवटचं विणलं ते हेच. विणायचा होता टीमचा झेंडा. पण जन्मभर लुगडी विणलेला हात, त्याने काठही काढले आणि पदरही काढला. नारिंगी अंग, काळे काठ, काळा पदर. तोच झेंडा म्हणून प्रत्येक सामन्याला स्टँडच्या कठड्यावर लागायचा.

“काय करता त्याचं?”

“मालकाले नेसवतो. लुगडं नेसवून साऱ्या इतवारीतून फिरवला का इज्जतच गेली त्याची.”

“अन् मंग?”

“मंग काय, जाळतो.”

बाबनरावांनी लुगडं काखेत घेतलं आणि चपला घातल्या. काम झालं असं प्रज्वलला वाटलं.

चौकात एक माणूस मोबाइलसमोर डोळे पुसत होता. “ही टीम म्हणजे आमची आई होती भाऊ. आमची आई नेली त्यानं.” बाबनरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. रिकाम्या स्टँडमध्ये बसून बसून तिथलं प्रत्येक तोंड त्यांना पाठ झालं होतं. हे तोंड त्यात नव्हतं.

मग त्यांनी बडग्याकडे पाहिलं.

“हा कोण आहे?”

“मालक, काका.”

“हा धोंडबा आहे. मैदानात चुन्याच्या लाइनी मारायचा. तुह्या काकूले लुगडं बांधू लागायचा.”

प्रज्वलने मोबाइल काढला, फोटो बोटांनी मोठा केला. मालक आणि धोंडबा शेजारी शेजारी उभे होते.

“बाजूचा कापायचा होता बे,” एक मित्र पुटपुटला. “आता फ्लेक्सवालाही बंद आहे.”

“चालते ना,” प्रज्वल म्हणाला. “टकला तं तोही आहे. कोण पाहून राहिलं?”

“हे मात्र खरं बोलला,” बाबनराव म्हणाले. “पाहायले कोणीच नव्हतं.”

मागे कोणीतरी हसलं. प्रज्वलने हात पुढे केला. “द्या काका. लेट होऊन राहिलं.”

“तुह्या आईचं आण.”

“आईचं?” प्रज्वल हसला. मग त्याचं हसू अडलं. “आईचं कसं जाळू काका?”

बाबनरावांनी काखेतलं लुगडं आणखी आत सरकवलं. उत्तर प्रज्वलनेच दिलं होतं.

“जाऊ दे बे,” डोळे पुसणारा म्हणाला. “काकानं इंदूरचं तिकीट काढलेलं दिसते.”

“लुगडंवाली तं टीमनं पाच गोल खाल्ले तरी शिट्टी वाजेपर्यंत बसून राहे,” बाबनराव म्हणाले. “पळाला तो पँटवाला. त्याले पँटच राहू द्या. अन् जो आपल्या पायानं गेला, त्याले काय गावाबाहेर हाकलता?”

ते छोट्या हत्तीच्या चाकावर चढले. म्हातारा पडेल म्हणून एकाने त्यांना खालून धरलं. खळ ओलीच होती. धोंडबाचं तोंड अखंड निघालं. त्यांनी ते लुगड्याच्या घडीत ठेवलं आणि घरी निघाले. कोणी अडवलं नाही. सगळे मंडपाचा पडदा शोधायला धावले होते.

बडग्याला पडदा नेसवला. तोंडाच्या जागी जेवणावळीची कागदी प्लेट लावली आणि तिच्यावर मार्करने मिशा काढल्या. लोकांना ती जास्त आवडली. लोक तिच्यासोबत फोटो काढू लागले. डीजे सुरू झाला. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गाडी हलली आणि गल्लीत शिरली.

बाबनरावांच्या गॅलरीच्या कठड्याला लुगडं बांधलेलं होतं. सामन्याला बांधायचे तसंच, पदर बाहेर सोडून. त्यामागे दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसले होते.

घरासमोर गाडी थांबली. प्रज्वल टपावर चढला आणि मोबाइल उंच धरून लुगड्याच्या अगदी पुढ्यात उभा राहिला. “काका, हात वर करा ना. लाइव्ह करून राहिलो. पाच हजार लोक पाहून राहिले.”

बाबनरावांनी हात वर केला नाही. मान थोडी डावीकडे झुकवली, मग उजवीकडे.

“बाजूले हो गा,” ते म्हणाले. “मॅच दिसून नाही राहिली.”