तिपेडी गळपट्टा

नवऱ्याने हात वर केला. म्हणजे काढ, गुदमरतंय.

तिने गळपट्टा त्याच्या मानेवरून काढून घेतला. हा चौथा. क्रोशाने तीन लांब पट्ट्या विणायच्या, त्यांची तिपेडी वेणी घालायची आणि दोन्ही टोकं एकत्र शिवून टाकायची. 'नवशिक्यांसाठी याहून सोपं काही नाही,' असं लोकरवालीने सांगितलं होतं. तिला काय जातंय सांगायला! तिच्या गिऱ्हाइकांच्या गळ्याला भोक नसतं.

याच्या होतं. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी घशातल्या गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढली आणि श्वास घ्यायला गळ्यात पुढून भोक ठेवलं. थंडी त्यातून थेट छातीत उतरायची. बाहेर पडायचं तर भोक झाकायला हवं, आणि झाकणातून हवाही खेळायला हवी. दुकानातले मफलर जाड. म्हणून हा जाळीदार विणीचा आटापिटा. त्यात तिचा हात मुळातच घट्ट. पहिला गळपट्टा अगदी दोरखंड झाला. मग तिने मोठी सुई आणली, हात सैल सोडला, दुसरा केला, तिसरा केला. दर वेळी याने हात वर केला. दर वेळी तिने सगळं उसवलं आणि पुन्हा पहिल्या साखळीपासून सुरुवात केली. उसवून उसवून लोकर पिंजल्यासारखी झाली होती.

हा बसस्टँडवर गाड्या पुकारायचा. वीस वर्षं. स्टँडवरचे सगळे त्याला भोंगा म्हणायचे. घरी आला तरी तोंडाचा पट्टा चालूच. तीही काही कमी नव्हती. 'तुमच्या घरात ऐकतं कोण?' असं शेजारी चेष्टेने विचारायचे.

ऑपरेशन होऊन तो घरी आला, त्या आठवड्यातली गोष्ट. ती त्याला शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होती. उत्तर द्यायला याने तोंड उघडलं. ओठ हलले आणि गळ्यातून नुसता वारा आला. याचे डोळे भरले. तिच्या काळजाचं पाणी झालं. उपाशी माणसासमोर जेवू नये, तसं याच्यासमोर बोलू नये, असं तिने त्याच दिवशी ठरवलं. तीही खुणा करू लागली. रेडिओ कपाटात गेला. भेटायला येणाऱ्यांना ती दारातूनच वाटेला लावायची. हा पाटीवर लिहायचा, ती मान डोलवायची. बाईने किती समजून घेतलंय नवऱ्याला, असं लोक म्हणायचे. तिलाही ते खरं वाटायचं.

तोंड उघडायचं ते फक्त विणताना. मनात मोजलं की टाके चुकत. "सहा, सात... अगं बाई, आठवा कुठे मेला? घ्या, आता पुन्हा उसवा!" अशी तिची वटवट चालायची. हा समोर मांडीवर पाटी घेऊन बसलेला असायचा. तिला अपराधी वाटायचं. पण इलाज नव्हता, महिना संपत आला होता. हरवलेलं सामान परत द्यायची एक खिडकी स्टँडवर होती, आणि साहेबांनी ती याच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. चिठ्ठी बघायची, वस्तू द्यायची. बोलायचं कामच नाही. हा पुन्हा चार माणसांत जाऊन बसेल, एवढ्या एका आशेवर ती विणत होती.

आज शेवटचा दिवस होता. चौथा गळपट्टा हातात घेऊन ती उभी होती, तेवढ्यात स्टँडचा शिपाई दारात आला. तो आत आलाच नाही.

"वहिनी, साहेबांनी दुपारपर्यंत वाट पाहिली हो. शेवटी दुसऱ्याला बसवलं खिडकीत. वाईट वाटून घेऊ नका."

तो गेला. तिने दार लावलं आणि तिथेच खाली बसली. संपलं सगळं. आता हा या खोलीतून कधी बाहेर पडणार नाही. याच खुर्चीत, भिंतीकडे बघत याचा जन्म जाणार. आणि हे केलं कोणी, तर तिच्या मेल्या घट्ट हातांनी. गळपट्टा तोंडावर दाबून धरून ती हमसून हमसून रडली.

रडता रडता ती थांबली. नाक, तोंड सगळं लोकरीत बुडालं होतं आणि श्वास आरामात चालला होता. तिने गळपट्ट्याची दुहेरी घडी केली आणि पुन्हा तोंडावर धरली. जोरात श्वास ओढला. हवा सरळ आत आली.

"अहो!" चार महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "यातून तर हवा जातेय! तुम्हाला गुदमरत नव्हतंच!"

त्याने हळूच मान हलवली. नव्हतं.

"मग हात का वर केलात? हातातोंडाशी आलेली खिडकी गेली ना! माझा असा छळ का मांडलात?"

त्याने पाटी पुसली. पेन्सिल दोनदा घसरली. लिहून झाल्यावर त्याने पाटी तिच्यापुढे धरली.

'पहिला खरंच घट्ट होता,' असं वर लिहिलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'विणणं संपलं की तू पुन्हा गप्प होशील.'