मिल्कामावशीचा रुमाल

प्रयोग संपला, तरी डोक्यावरचा पांढऱ्या केसांचा टोप न काढता याएल सावंत रंगपटात बसून राहिली. नाटक तिनेच लिहिलेलं, तिनेच बसवलेलं, आणि त्यातली तोंडाळ बेने इस्रायली ज्यू मावशीही तीच झाली होती. लोक हसून हसून लोळत होते. फक्त पहिल्या रांगेत खरी मिल्कामावशी तोंडाला रुमाल लावून दोन तास हूं की चूं न करता बसली होती. आईने आधीच बजावलं होतं, "माझ्या बहिणीचं मन दुखलं, तर दुसरा प्रयोग करायचा नाही."

दार ढकलून मावशी आत आली. "नवसाच्या मलिद्याचे पोहे कालवताना तू तुझ्या बापाला खोबरं खवायला बसवलंस?"

"मावशी, अगं, जरा गंमत म्हणून..."

"गंमत कसली? तो मालवणी खरंच बसायचा. तुझ्या आईशी लग्नाला मी हो म्हणावं म्हणून! पण खवता खवता अर्धं खोबरं खाऊन टाकायचा, ते कुठं दाखवलंस?"

याएलने चाचरत विचारलं, "मग तू हसली का नाहीस?"

"हसले असते तर कवळी उडून तुझ्या परातीत पडली असती. म्हणून तर रुमाल!"

याएलचा जीव भांड्यात पडला. तोवर मावशी पदर खोचून नाटकातल्या विळीवर बसलीसुद्धा. चोरासारखं इकडेतिकडे बघत तिने रिकाम्या मुठीनेच खोबऱ्याचा बकाणा भरला.

"हे असं. उद्याच्या प्रयोगाला नीट दाखव."