पिल्लाच्या पंगतीला

पिल्लाने मटारचा दाणा चोचीत धरला, जिभेने इकडून तिकडे फिरवला आणि टेबलावर टाकून दिला. मिस्त्रींनी तो उचलून पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. पिल्लाने मान वळवली.

"असं नाही, असं," मिस्त्री पुटपुटले, आणि त्याला नीट दिसावं म्हणून आपल्या ताटातले मटार घेऊन, गाल हलवत सावकाश चावू लागले.

जन्मभर भिंती बांधलेला माणूस. ओळंब्यात न बसलेली भिंत त्यांनी मालकाने चालेल म्हटलं तरी पाडली होती. हिरव्या पिसांच्या मूठभर जिवापुढे हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पोपटाचं ते पिल्लू सुनेने आणलं होतं. ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. झाड तोडताना ढोलीतून पडलेलं पिल्लू तिथे आलं तेव्हा त्याच्या अंगावर धड पीसही नव्हतं. तिने त्याला सुई काढलेल्या सिरिंजमधून पातळ पेज भरवून वाढवलं. पुढे पंख फुटले, शेपूट आली, पण खाण्याच्या नावाने शंख. सिरिंज दिसली की भुकेने मान हलवून किंचाळायचं, वाटीतल्या दाण्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. दिवसा दवाखान्यात कुणाला निवांत जेवायला वेळ नाही, म्हणून ती त्याला सकाळ-संध्याकाळ घरी ठेवू लागली. सासऱ्यांना तिने सांगितलं, ही पाखरं आईबापांना खाताना बघून शिकतात. याच्यापुढे कुणीतरी बसून जेवायला हवं. माझी सकाळ पळापळीत जाते, तुमच्या लेकाची दुकानात. आणि नाहीच शिकलं तर ते काही जगायचं नाही.

"चोच देणारा चारा देतो म्हणतात," मिस्त्री म्हणाले होते.

"चारा देतो हो बाबा. गिळायचं ज्याचं त्यानं."

बायको गेल्यापासून मिस्त्रींचं जेवण म्हणजे दोन घास आणि हात धुणं. भूक नाही, हे ठरलेलं उत्तर. मुलाने रागावून पाहिलं, सुनेने गोडीने पाहिलं, डॉक्टरांनी धाक घालून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. पण दोन घासांत पिल्लू काय शिकणार? त्याचं लक्ष जाईपर्यंत हे उठलेले. मग मिस्त्रींनी मनावर घेतलं. पिल्लाला मीठ-तिखट बाधतं, तेव्हा त्याच्यासाठी शिजलं तेच स्वतःच्याही ताटात घेतलं. मका, गाजर, मटार, मऊ भात. एक घास आपण, एक दाणा त्याच्यापुढे. घाई केली तर त्याला कळायचं नाही, म्हणून ताट पुरवून पुरवून खायचं. कधी संपलंच, तर सून न विचारता आणखी वाढायची.

मुलाला फार मजा वाटायची. लोक पोपटाला बोलायला शिकवतात आणि आमचे बाबा जेवायला, असं तो दुकानात गिऱ्हाइकांना सांगत सुटला होता. मिस्त्री म्हणायचे, हसा. भिंत उभी राहीपर्यंत सगळे हसतातच.

पण भिंत काही उभी राहीना. पिल्लू दाणा उचलायचं, त्याच्याशी खेळायचं, टाकून द्यायचं. सून विचारायची, खाल्लं का काही? मिस्त्री मान हलवायचे. असू द्या, ती म्हणायची, उपाशी मरू नये म्हणून आधी थोडी पेज भरवते आहेच. आणि खरंच, रोज सकाळी ओट्यावर सिरिंज निथळत पडलेली असायची. ती बघून मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडायची. भरवलेल्या पोटाला शिकायची गरजच काय?

एके सकाळी ते ठरवूनच उठले. आजपासून भरवणं बंद. सूनबाईला वाईट वाटलं तरी चालेल. स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि जागीच थांबले.

पिल्लू ओट्यावर, वाटीच्या काठावर उभं होतं. एका पायात मक्याचा दाणा घट्ट धरलेला. चोच कात्रीसारखी चालत होती. भोवती मटारच्या सालींचा हा सडा. वाटी तळाला गेली होती.

"पोटभर खाऊन घे रे राजा," पाठमोरी सून हलकेच म्हणाली. "तिथे टेबलावर हावरटपणा करायचा नाही. सांगून ठेवते."

तिने साली ओंजळीत गोळा करून टाकून दिल्या. मग कपाटातून कोरडी सिरिंज काढली, नळाखाली ओली केली आणि ओट्यावर निथळत ठेवली.

म्हणजे शिकलं होतं. कधीचंच शिकलं होतं.

मिस्त्रींना राग यायला हवा होता. या वयात कुणी त्यांना असं बनवलं नव्हतं. त्यांनी कमरेवर हात ठेवला, तर दोरीने आवळून बांधावी लागणारी विजार आता आपली आपण नीट बसली होती.

ते आल्या पावली मागे फिरले, बाहेरूनच मोठ्याने खाकरले, आणि मग आत आले.

सुनेने रोजच्यासारखं ताट मांडलं. पिल्लाने एक दाणा उचलला, फिरवला, टाकला, आणि एक पाय पोटाशी घेऊन डोळे मिटले. मिस्त्रींनी शेवटचं शीतसुद्धा ताटात ठेवलं नाही.

"खाल्लं का हो काही त्यानं?" सिरिंज पुसत तिने विचारलं.

मिस्त्रींनी त्या पेंगणाऱ्या पिल्लाच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं.

"नाही गं. एवढ्यात नाही शिकायचं ते," ते म्हणाले, आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी आपलं रिकामं ताट स्वतःहून पुढे केलं. "वाढ अजून थोडं."