पेट्रोलचा वास

तापातून उठल्यापासून मेकॅनिकला कसलाच वास येत नव्हता, आणि हे बायकोशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. त्यात शाळेच्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा परत आली. "दादा, अजून पेट्रोलचा वास मारतोय. पोरं मागच्या सीटवर ओकायला लागलीत. या वेळी नाही जमलं तर दुसरीकडे दाखवीन."

टाकीचं झाकण बदलून झालं होतं, पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा व्हॉल्व्हही नवा टाकला होता. हातातला धंदा जाणार या धास्तीने त्याने बाकीची कामं बाजूला सारली. तो गाडीखाली शिरला आणि वाफेच्या रबरी पाइपवरून इंच इंच बोट फिरवत राहिला. अखेर एका वळणावर बारीक चीर लागली. त्याने पाइप बदलला आणि बायकोला हाक मारली. तिला मागच्या सीटवर बसवून, काचा बंद करून त्याने इंजिन चालू केलं आणि बाहेरून तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.

तिने छाती भरून श्वास घेतला. "कणभरही वास नाही. द्या पाठवून."

दुसऱ्या दिवशी बाई चारही काचा उघड्या टाकून दारात हजर. "वास होता तस्साच आहे."

त्याने वळून बायकोकडे पाहिलं.


"अहो, त्या तापात मीही होतेच की," ती खालमानेने म्हणाली, "पण तुम्ही आधीच इतके खचला होतात, की माझंही नाक गेलंय हे सांगायला जीभच रेटली नाही."